अपवाद क्रमांक सात

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना कर्जत स्थानक दोन गोष्टींसाठी आठवते, एक बटाटेवडा आणि दुसरे बँकर. बोरघाट चढण्यासाठी गाडीच्या मागे जी जादा इंजिने जोडतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते. तेवढ्या वेळात वडेवाले येतात आणि त्यांच्या मागोमाग टाळी वाजवत तृतीयपंथी येतात. कोणी दहाची नोट काढून देतो, कोणी डोळे मिटून झोपेचे सोंग घेतो. गाडी हलते आणि आपण तो विषय तिथेच फलाटावर ठेवून घाट चढू लागतो.

मीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. माझा व्यवसाय विमा एजंटाचा. नेरळपासून खोपोलीपर्यंत आणि इकडे खालापूर, चौकपर्यंत गेली वीस-बावीस वर्षे मी मेडिक्लेमच्या पॉलिसी विकतो. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे लिंगबदल शस्त्रक्रियेचा खर्च विमा देतो का, आणि देत नसेल तर का नाही. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे तो माझ्याकडे आला.

२०१७ मध्ये मी सावरोलीच्या बाजूच्या एका कारखान्यात नोकरीला लागलेल्या मुलीला तीन लाखांची पॉलिसी दिली होती. पगार ईएसआयच्या २१ हजारांच्या मर्यादेच्या थोडा वर, म्हणून तिथले संरक्षण नाही. फॉर्मवर 'लिंग' या रकान्यात 'स्त्री' अशी खूण मीच केली. केस बारीक कापलेले, शर्ट-पँट, बोलणे कमी. मला त्यात काही वेगळे वाटले नाही. चार वर्षे हप्ता वेळेवर आला. पाचव्या वर्षी तीच व्यक्ती माझ्याकडे एक फाईल घेऊन आली. आवाज घोगरा झालेला, ओठांवर कोवळी मिशी. म्हणाला, "काका, ओळखलंत का? पॉलिसी तुमचीच आहे."

त्याने मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात छातीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे फेऱ्या झाल्या होत्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरकांची इंजेक्शने सुरू होती, सगळे कागद जागच्या जागी होते. खर्च लाखांत गेलेला, त्यातला बराचसा कर्जाऊ. विमा कंपनीने दावा नाकारला होता. नकाराचे पत्र जेमतेम दोन ओळींचे होते आणि त्यात एका कलमाचा क्रमांक होता. मी पुस्तिका काढली. कलम तिथे होते. नूतनीकरणाच्या वेळी आलेली ती नवी पुस्तिका मीच पाकीट न फोडता त्याच्या हातात दिली होती.

ते कलम काय आहे, हे आधी सांगतो. भारतात आरोग्य विम्याच्या पुस्तिकांमध्ये 'आम्ही कशाचे पैसे देणार नाही' ही यादी प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत लिहीत असे. त्यातून भांडणे होत. म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढून या वगळलेल्या बाबींचे शब्द एकसारखे करून दिले आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. पहिला क्रमांक आधीपासून असलेल्या आजारांचा. सहावा लठ्ठपणाच्या उपचारांचा. आठवा सौंदर्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीचा. आणि सातवा, शरीराची लक्षणे विरुद्ध लिंगाच्या शरीरासारखी करण्यासाठी केलेले कोणतेही उपचार, शस्त्रक्रियेसह.

लठ्ठपणा आणि सौंदर्यवर्धन यांच्या मधोमध या विषयाला जागा मिळाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणखी एक फरक वाचला की जाणवतो. लठ्ठपणाच्या कलमात पोटवाट आहे. वजन अमुक प्रमाणाबाहेर असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल, तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळू शकतात. सौंदर्याच्या कलमातही आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना चालते. सातव्या कलमात मात्र एकही 'परंतु' नाही.

आता गंमत पाहा. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही. या परिपत्रकानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ५ डिसेंबर २०१९ रोजी, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्याच्या कलम १५ मध्ये सरकारने आरोग्याबाबत काय काय करावे याची यादी आहे. त्यातल्या एका पोटकलमात लिहिले गेले की लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार, लेझर उपचार आणि इतर आरोग्य समस्यांचा खर्च भागवण्यासाठी सर्वंकष विमा योजनेची तरतूद करावी. म्हणजे संसद म्हणते विमा द्या, आणि त्याच हंगामात छापलेली पुस्तिका म्हणते मिळणार नाही. दोन्ही कागद सरकारी शिक्क्याचे.

यात कायदेशीर विसंगती आहे का? मी वकील नाही, पण एजंट म्हणून एवढे कळते की परिपत्रकाने कंपन्यांना ही बाब वगळायची झाल्यास कोणते शब्द वापरायचे ते ठरवून दिले. वगळलीच पाहिजे, असे म्हटले नाही. एखाद्या कंपनीला हे उपचार द्यायचे असतील तर तिला कोणी अडवलेले नाही. आणि कायद्याने जबाबदारी टाकली ती सरकारवर, खासगी कंपनीवर नव्हे. म्हणून दोन्ही कागद सुखाने शेजारी शेजारी नांदले आणि मधल्या फटीत माझा ग्राहक अडकला.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण त्यांच्या भाकरीवर माझी भाकरी आहे. विमा म्हणजे मुळात भिशी नव्हे. कोणावर कधी संकट येईल हे ठाऊक नसते, म्हणून शंभरजण थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याच्यावर येईल त्याला ते मिळतात. ज्याला आपली शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी करायचीच आहे, तो पॉलिसी घेईल, पैसे उचलेल आणि निघून जाईल, ही कंपन्यांची भीती. आगीच्या विम्यात घर पेटल्यावर पॉलिसी मागायला येणाऱ्यासारखेच हे.

भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय विम्याच्या धंद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. बाळंतपण काय अचानक येते? मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा बदलणे, हर्निया, यातले काय रातोरात उद्भवते? तिथे आम्ही प्रतीक्षा काळ ठेवतो. दोन वर्षे थांबा, तीन वर्षे थांबा, मग घ्या. माझ्या ग्राहकाने चार वर्षे हप्ते भरले होते. गुडघा असता तर पैसे मिळाले असते.

आणि संख्या तरी किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या लिंग-रकान्यात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात दर दहा हजारांमागे चारही नाहीत. मोजणी कमी झाली असेल, बहुधा झालीच आहे. कोण दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला हे सांगणार? पण दुप्पट-चौपट धरली, तरी त्यातल्या सर्वांना शस्त्रक्रिया नको असते. ओझे म्हणावे इतके हे वजन नाही.

मग खरा प्रश्न उरतो तो गरजेचा. ही हौस की उपचार? पूर्वी वैद्यकशास्त्रही या अवस्थेला मानसिक आजारांच्या यादीत बसवत असे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. यादीतून पुरता का नाही काढला, असे कोणी विचारेल. कारण साधे आहे. यादीत क्रमांक नसेल तर उपचाराची पावती कशाच्या नावाने फाडायची? हा रोग नव्हे, पण उपचार लागू शकतात, असा त्याचा अर्थ. गरोदरपणही रोग नाही, तरी रुग्णालयात खाट लागतेच.

डॉक्टर मंडळी आता लिंगबदल न म्हणता लिंगपुष्टी म्हणतात. म्हणजे माणूस बदलत नाही, तो स्वतःला जे मानतो त्याच्याशी शरीर जुळवून घेतले जाते. ही एकच शस्त्रक्रियाही नसते. कोणाची छातीची, कोणाची गर्भाशय काढण्याची, कोणाची जननेंद्रियांची, तीही टप्प्याटप्प्याने. संप्रेरकांची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी लेझरच्या अनेक बैठका लागतात. इथे मेडिक्लेमची दुसरी अडचण येते, जी सातव्या क्रमांकाशी संबंधित नाही. आपली नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देते. त्याआधीचे साधारण तीस आणि नंतरचे साठ दिवस धरते. बाह्यरुग्ण विभागात बसून घेतलेली औषधे तिच्या हिशेबात नाहीत. उद्या सातवे कलम खोडले, तरी संप्रेरकांचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागेल.

पैसे मिळाले नाहीत की माणसे काय करतात, हे मला कर्जतच्या फलाटावर कळले. त्या मुलाच्या फाईलनंतर मी झोपेचे सोंग घेणे सोडले होते. टोळीतल्या एका वयस्क तृतीयपंथीशी बोलणे होऊ लागले. मी तिला मावशी म्हणतो. विशी ओलांडायच्या आत एका दायीकडून तिचे 'निर्वाण' झाले. भूल नाही, टाके नाहीत, गरम तेल आणि देवीचे नाव. "वाचले ती देवीची इच्छा," म्हणाली, "माझ्यासोबतची नाही वाचली." तेव्हापासून तिला लघवीचा त्रास आहे, मूत्रमार्ग आकसत जातो आणि दर काही महिन्यांनी रुग्णालय गाठावे लागते. त्या काळात चांगले सर्जनही या कामाला हात लावायला कचरत. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये जबर दुखापतीच्या यादीत पहिलीच नोंद पुरुषत्व नष्ट करण्याची होती. उद्या कोणी तक्रार केली तर, ही धास्ती. डॉक्टर घाबरला की दायीचे फावते.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली आणि ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर वातावरण बदलले. २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पोलीस शिपायाची बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. महिला म्हणून भरती झालेल्या त्या व्यक्तीने शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा पार पडला. तमिळनाडूने तर २००८ मध्येच तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य उपलब्ध करून दिली. तेव्हा तिथे विम्याची भानगडच नव्हती; खाट सरकारची, डॉक्टर सरकारचा. जर्मनीत हाच प्रश्न १९८७ मध्ये तिथल्या सामाजिक विम्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आणि सार्वजनिक आरोग्य विम्याने खर्च द्यावा, असा निकाल लागला. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने १९८१ पासून घातलेली बंदी २०१४ मध्ये उठली, पण तिथला वाद मिटलेला नाही.

आपल्या रायगडाची गोष्ट जरा वेगळी आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत. त्यांत रायगड होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर नेले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट सैल करून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केली. आरोग्यमित्र नावाची व्यक्ती अंगीकृत रुग्णालयात टेबल टाकून बसलेली असते, ती कागद पाहते. आमच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या कितीतरी लोकांची हृदयाची, मूत्रपिंडाची दुखणी या योजनेने निभावली आहेत. मी खासगी विमा विकतो, तरी हे सांगतो.

पण या योजनेचे एकक कुटुंब आहे आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरची नावे. मावशीचे नाव चाळीस वर्षांपूर्वी गावच्या शिधापत्रिकेवरून भावाने कमी करून घेतले. ती ज्या खोलीत राहते, तिथे सात जणी आहेत, एकीचेही दुसरीशी रक्ताचे नाते नाही, आणि तरी ते घर आहे. ते कोणत्या कागदावर लिहायचे?

म्हणून २०२२ मध्ये केंद्राने जे पाऊल टाकले ते मला महत्त्वाचे वाटते. २४ ऑगस्ट २०२२ रोजी सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात करार झाला. त्यातून 'आयुष्मान भारत टीजी प्लस' हे संरक्षण जाहीर झाले. वर्षाला पाच लाख रुपये, आणि तेही कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला. शिधापत्रिकेची जागा इथे तृतीयपंथी म्हणून मिळालेल्या ओळख प्रमाणपत्राने घेतली. लिंगपुष्टी शस्त्रक्रिया आणि त्याच्याशी निगडित उपचार यात धरले गेले. केंद्राच्या वा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून असाच लाभ घेत नसलेल्यांसाठी ते आहे. पुस्तिकेतल्या सातव्या क्रमांकाने जे वगळले, नेमके तेच इथे आत घेतले.

कागदावर हे छान आहे. आता कर्जतहून त्याकडे कसे पोहोचायचे ते पाहू. २०२० च्या नियमांनी ठरवलेली पद्धत अशी की ओळख प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आमचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. खोपोलीहून पेण, पेणहून अलिबाग, एसटीने जाऊन येऊन दिवस मोडतो आणि रोजंदारीवरच्याचा खाडाही होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले आणि अर्ज घरबसल्या करता येऊ लागला, ही सोय मोठीच. तरी आधार कार्डावरचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, आणि लोक ज्या नावाने हाक मारतात ते तिसरे, अशी स्थिती असेल तर पोर्टल काय करणार? प्रमाणपत्राचे नियम आणि त्यासाठी लागणारे कागद हे विषय बदलते आहेत, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी काय लागू आहे ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे. आयुष्मानची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करता येते.

प्रमाणपत्र मिळाले, कार्ड मिळाले, तरी पुढे रुग्णालय हवे. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळंतपणे होतात, साप चावलेल्याला लस मिळते; ही शस्त्रक्रिया तिथे होण्यासारखी नाही आणि तशी अपेक्षाही नाही. तिला प्लास्टिक सर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ असा सगळा ताफा लागतो. तो मुंबई-पुण्यातच असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा वेगळा कक्ष सुरू झाला. कर्जतहून सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकल थेट जाते. पण शस्त्रक्रियेनंतर तपासणीला पुन्हा पुन्हा जायचे, आणि टाके ओले असताना सकाळच्या लोकलमध्ये कोणत्या डब्यात चढायचे, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकात नाही.

ज्यांच्याकडे खासगी किंवा कंपनीची पॉलिसी आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. पॉलिसीसोबत 'ग्राहक माहिती पत्रक' येते. ते मराठीतून मागता येते, मागा. वगळलेल्या बाबी त्यात असतात. कंपनीची सामूहिक पॉलिसी असेल तर सातवा क्रमांक काढून घेण्याची बोलणी मालक करू शकतो. काही मोठ्या उद्योगांनी ती केली आहेत. पाताळगंगा किंवा खोपोलीच्या कारखान्यांतल्या कामगार संघटनांनी पुढच्या करारात हा मुद्दा घालायला हरकत नाही. आणि दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत जायचे. मात्र लोकपाल पॉलिसीच्या शब्दांवर निर्णय देतो. सातव्या क्रमांकापुढे त्याचेही हात बांधलेले असतात. त्याचा उपयोग होतो तो वेगळ्या ठिकाणी: तृतीयपंथी माणसाला डेंग्यू झाला, पाय मोडला, आणि केवळ फॉर्मवरचे लिंग जुळत नाही म्हणून कंपनीने पैसे अडवले, तर तिथे जरूर भांडावे.

माझ्या ग्राहकाचे पैसे मिळाले नाहीत. मी दोन पत्रे लिहिली, एकदा मुंबईच्या कार्यालयात जाऊन बसलो, उपयोग झाला नाही. त्याने ओव्हरटाइम करून कर्ज फेडले. त्याची आई सुरुवातीला माझ्याशी बोलताना 'आमची ती' म्हणत अडखळायची, आता 'तो' म्हणते, आणि कधी विसरली तर स्वतःच हसते. त्याने प्रमाणपत्र काढले आहे, कार्डाचा अर्जही केला आहे. उरलेली शस्त्रक्रिया करायची की नाही, हे अजून ठरवलेले नाही. ते त्याचे त्याने ठरवायचे.

गेल्या महिन्यात तो मावशीची, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीची, नवी पॉलिसी काढायला माझ्याकडे घेऊन आला होता. मी फॉर्म पुढे केला तर म्हणाला, "काका, आधी पुस्तिका. सगळी वाचून दाखवा." दीड तास लागला. मोतीबिंदूला दोन वर्षे थांबावे लागेल, एवढेच मावशींना खटकले. सातव्या क्रमांकाला आलो तेव्हा मी क्षणभर थांबलो. तो म्हणाला, "वाचा ना, पुढे वाचा."